आक्काला इंग्रजीत काय म्हणायचं

९ जानेवारी

आक्के,

नमस्कार-चमत्कार वगळते. तेवढी शाई वाचली म्हणून तुझा जीव सुखावेल. अक्षरावरून पत्र कुणाचं ते ओळखलंच असशील, आणि ओळखून केरात टाकायला उठली असशील तर थांब. मी समेट करायला लिहीत नाहीये. माझा राग जिथे होता तिथेच आहे, अगदी खुशाल आहे. मला गृहपाठ आहे म्हणून लिहितेय.

हसू नकोस. या वयात मी इंग्रजीच्या वर्गाला जाते. तुझं शिलाईचं दुकान सोडल्यावर मी इथल्या मोठ्या हॉटेलच्या कपडेखोलीत लागले. चादरी, अभ्रे, टॉवेल, पडदे धुऊन आले की तपासायचे, उसवलं असेल ते शिवायचं आणि घड्या करून वर पाठवायचं. आमची मुख्य बाई आता निवृत्त होतेय आणि तिची जागा मला हवी आहे. मॅनेजर म्हणाला, हात चांगला आहे तुमचा, पण पाहुण्यांशी इंग्रजीत बोलता आलं पाहिजे. तोंडी परीक्षा द्या, पास झालात की खोलीच्या किल्ल्या तुमच्या. म्हणून रोज संध्याकाळी पोस्टाच्या वरच्या खोलीत मी बाकावर बसते. शिकवणारे मास्तर पूर्वी कोर्टात टायपिस्ट होते. जन्मभर दुसऱ्यांचे जबाब टाइप केलेला माणूस, त्यामुळे कुणी काही बोललं की पहिल्यांदा विचारतात, "कशावरून?"

आतापर्यंत माणसांचे गुण शिकवले. सगळे शब्द गोड गोड, अर्धा वर्ग पेंगायचा. या आठवड्यात अवगुण सुरू झाले आणि काय सांगू, वर्गात जान आली!

तर मास्तरांचा नियम असा. वाईट शब्द हवेत उडवायचा नाही. तो एका खऱ्या माणसाला लावायचा, पुरावा द्यायचा, आणि त्या माणसाला पत्र लिहून त्याचं म्हणणं मागवायचं. ते आलं तरच शब्द पक्का. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण इथे मुळी कोर्टच जिना चढून वर येऊन बसलंय, त्याला मी काय करू?

शब्द ऐक. स्टिंजी म्हणजे दुसऱ्याला देताना ज्याचा हात आखडतो तो. मायझर म्हणजे कवडीचुंबक, जमवतो पण स्वतःच्याही तोंडाला लावत नाही. टाइट-फिस्टेड म्हणजे मूठ आवळलेला. अनकाइंड म्हणजे बोलताना समोरच्याच्या मनाची ज्याला फिकीर नाही. आणि मीन हा तर फारच गुणी शब्द. एका देशात त्याचा अर्थ चिक्कू, दुसऱ्या देशात दुष्ट. मास्तरांनी हे सांगितलं आणि मला फळ्यावर तुझा चेहराच दिसायला लागला. दोन्ही देशांत खपेल असं माणूस माझ्या माहितीत तू एकटीच.

आरोप खालीलप्रमाणे. एकदा उकळलेली चहाची पावडर तू वाळवून पुन्हा उकळायचीस. साबणाच्या चिपट्या एकीला एक चिकटवून तू जे काय बनवायचीस त्याला साबण म्हणायला साबणालाही लाज वाटेल. आणि घरात एकच बल्ब! जिथे जायचं तिथे काढून न्यायचा आणि लावायचा. पाहुणे आले की मी स्टूल धरायचे आणि तू वर चढायचीस. हे सगळं तुझ्या जिवंत बहिणीने डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तुझं काय म्हणणं आहे ते लेखी कळव. मास्तर खोळंबलेत.

पत्ता तोच आहे ना? तुझ्या गल्लीतला कुलूपवाला आमच्या हॉटेलात कुलपं बदलायला आला होता, त्याच्याकडून खात्री करून घेतली. बाकी तुझ्याबद्दल काही विचारलं नाही. मला काय करायचंय?

तुझी (नाइलाज आहे) धाकटी बहीण,
टकळी


२२ जानेवारी

आक्के,

उत्तर पोचलं. कॅलेंडरच्या फाडलेल्या महिन्याच्या पाठीवर, तेही पान चतकोर कापून, त्यावर तीन शब्द: "आरोप खोटे. आक्का." यापेक्षा मोठं पत्र आमच्या हॉटेलात 'टॉवेल बदलू नये' अशा पाटीवर असतं.

पण तुझा हा चतकोर कागद मी वर्गात दाखवला आणि काय हशा पिकला म्हणून सांगू! माझ्या शेजारी शववाहिनीचा ड्रायव्हर बसतो. चोवीस तास मड्यांच्या सोबतीला असतो, पण त्याच्याइतका हसरा माणूस मी पाहिला नाही. त्याला इंग्रजी कशाला हवं विचारलं तर म्हणतो, परदेशातून नातेवाईक आले की धीर द्यायचा तो कोणत्या भाषेत देऊ? तो तुझा कागद हातात घेऊन म्हणाला, "ताई, ही बाई मायझर नाही, ही कलाकार आहे." त्याला मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे, तुम्ही तिच्याकडे जेवलेला नाहीत. तो म्हणाला, मग मायझरच, धनावर बसलेली नागीण!

मग मास्तरांनी खटला चालवला. त्यांनी एकच प्रश्न लावून धरला, आणि त्या प्रश्नाने माझी पार वाट लागली. ते म्हणाले, काटकसर सगळेच करतात, पण ती कुणाच्या ताटातून केली ते बघा. दुसऱ्याच्या ताटातून केली तर स्टिंजी. स्वतःच्या ताटातून केली तर थ्रिफ्टी, आणि थ्रिफ्टी ही शिवी नाही, ते कौतुक आहे. आता बोला, पहिल्या उकळीचा चहा कोण प्यायचं?

मी म्हटलं, मी.

आणि दुसऱ्या उकळीचा?

आता काय सांगणार? मी म्हटलं, ती. मास्तरांनी फळ्यावर लिहिलेला स्टिंजी पुसला. कपडेखोलीतली मी, एवढ्या वर्षांत असा डाग कुणी इतक्या झटक्यात काढलेला पाहिला नव्हता. मी चिडून साबणावर आले. तिथेही तेच. नवी वडी मला, चिपट्यांचा गोळा तुला. बल्बच्या वेळी मात्र मी उसळून म्हटलं की बल्ब माझ्याही खोलीतून काढायची! ड्रायव्हरने विचारलं, कधी? मी आठवायला लागले. अगं, तुझ्याच खोलीतून यायचा तो दरवेळी. माझ्या खोलीतला बल्ब कायम होता म्हणूनच घरात "एकच" फिरता राहिला होता. हे मला आत्ता, पोस्टाच्या माडीवर, परक्या माणसांसमोर कळलं, आणि सगळा वर्ग टेबलं बडवायला लागला. मला इतका राग आला की मी डबा न उघडताच घरी आले.

तर तीनही आरोप फेटाळले गेलेत. फुशारू नकोस. मी अपील करणार आहे. तुझं सविस्तर म्हणणं पाठव, तीन शब्दांत जबाब होत नाही.

आणि सहज विचारते, नळाचं पाणी वेळेवर येतं का? नसेल तर वरच्या मजल्यावालीशी भांडलीस की नाही? ती तुझी बादली सरकवायची ना? सहज विचारलं.

टकळी


४ फेब्रुवारी

आक्के,

या वेळी कागद अख्खा! दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप आहे ते सोड, पण अख्खा. वर्गात जवळजवळ टाळ्या पडल्या.

तुझं निवेदन मी मोठ्याने वाचलं. "चहा दोनदा नाही, तीनदा उकळायचे. टकळीला तिसरी उकळी माहीत नाही कारण ती तेव्हा झोपलेली असायची. बल्बबद्दल बोलायचं तर दोन डोळ्यांना दोन बल्ब लागत नाहीत. आणि तो कोण ड्रायव्हर मला धनावर बसलेली नागीण म्हणतो, त्याने येऊन धन दाखवावं, अर्धं त्याला देईन." स्वतःवरचा आरोप वाढवून कबूल करणारी आरोपी मास्तरांनी कोर्टाच्या उभ्या नोकरीत पाहिली नव्हती म्हणे. ड्रायव्हरला मायझर शब्द मागे घ्यावा लागला. तो म्हणाला, बाईंना सांगा, शेवटच्या प्रवासाचं बुकिंग माझ्याकडे करा, सवलत देतो. सांगितलं.

आता वर्गाला तुझं वेड लागलंय. मी जिन्यात दिसले की "आज आक्का आली का?" असं विचारतात, म्हणजे पत्र. मास्तरांनी तर तुझ्यासाठी खास एक शब्द काढला, पार्सिमोनियस. म्हणजेही कंजूषच, पण जरा सुशिक्षित कंजूष. मी म्हटलं, एवढ्या चिकटपणाला एवढा ऐसपैस शब्द? आमच्या आक्काने त्याची मधली अक्षरं कापून दुसऱ्या शब्दाला लावली असती. मास्तर हसले. तो माणूस हसतो तेव्हा त्याच्या चष्म्यावर वाफ येते.

पण आता हसणं पुरे. मुख्य आरोप राहिलाय आणि तो मी मुद्दाम मागे ठेवला होता.

दुकानातला तो दिवस. त्या शाळामास्तरणीच्या कोटाचं अस्तर फाटलं होतं, आणि मी ते पैसे न घेता शिवून दिलं. तू मला चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालीस, "दानशूर निघाली! भिकेचे डोहाळे लागलेत." मी म्हटलं, असं असेल तर मी जाते. आणि तू कात्रीवरून नजरही वर न उचलता म्हणालीस, "जा. तेवढाच दोरा वाचेल."

आक्के, उचलली जीभ लावली टाळ्याला असं नव्हतं ते. तू हळू बोललीस. विचार करून बोललीस. मी तोच दोरा कित्येक वर्षं दातात अडकल्यासारखा घेऊन फिरतेय.

वर्गात हे सांगितल्यावर पहिल्यांदा कुणी हसलं नाही. मग वाद झाला. ड्रायव्हर म्हणाला हे स्टिंजी. मी म्हटलं अनकाइंड. मास्तर खडू फिरवत म्हणाले, असं एकच वाक्य ज्यात दोन्ही आहेत, ते पुस्तकात घालायला हवं. पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं आल्याशिवाय मी फळ्यावर काही लिहिणार नाही.

तर यावर बोल. बाकी सगळं राहू दे.

तुझी गल्ली कशी आहे? घरमालक भाडं वाढवतो म्हणाला तर त्याला जिन्यात उभं करून झापलंस का पूर्वीसारखं? उत्तर दे, नुसती मान हलवू नकोस, मला इथून दिसत नाही.

टकळी


२० फेब्रुवारी

आक्के,

तुझं पत्र मी वर्गात वाचलं नाही. पहिल्यांदा कपडेखोलीत वाचलं, मग जिन्यात वाचलं, मग घरी येऊन वाचलं.

"ते वाक्य मी बोलले. शब्द मान्य. तुमच्या मास्तरांना सांग, अनकाइंड लावा. तो दोरा खरंच वाचला. दुसरं काही वाचलं नाही."

एवढंच लिहायचंस ना! इथे थांबली असतीस तर मी लगेच बस पकडून आले असते आणि तुझ्या गळ्यात पडले असते. पण नाही. आमची आक्का गोड बोलून झाल्यावर तोंड धुऊन येते. खाली लिहिलंयस, "आता मास्तरांना विचार, जी बाई अख्ख्या गावाला फुकट अस्तर लावून देते आणि सख्ख्या बहिणीला वर्षानुवर्षं एक ओळ पाठवत नाही, ती कोण? तिला इंग्रजीत काय म्हणतात?"

चोराच्या उलट्या बोंबा! मला जा म्हणालीस तू, आणि पत्र पाठवायचं मी? हा प्रश्न मी मास्तरांना विचारला नाही आणि विचारणारही नाही. माझ्याकडे त्याला शब्द नाही. असला तरी मी तो शिकणार नाही. शिकले तरी परीक्षेत वापरणार नाही. लिहून ठेव.

आता राग आलाच आहे तर सांगूनच टाकते. कुलूपवाल्याला मी काही विचारलं नाही हे खोटं. विचारलं. मी विचारलं, आमची आक्का कशी आहे? तो म्हणाला, "बऱ्या आहेत. फार शांत झाल्यात. हल्ली कुणाशी भांडत नाहीत." माझ्या हातातली घडी गळून पडली. मी म्हटलं, म्हणजे? पाण्यावरून? नाही. भाजीवाल्याशी, वजनावरून? नाही. जे देतील ते घेऊन जातात. आक्के, तू वजनावरून भांडत नाहीस? ताजवा सरळ धरायला लावल्याशिवाय तू कधी मिरचीही घेतली नाहीस! तुला ताप आलाय म्हणाला असता तर मी एवढी घाबरले नसते.

ते जाऊ दे. परीक्षा पाच मार्चला आहे, पोस्टाच्या माडीवरच. बाहेरून एक बाई परीक्षा घ्यायला येणार आहेत. मास्तर म्हणाले, ज्याला कुणाला आणायचं असेल त्याला मागे बसवता येईल. ड्रायव्हरची बायको येणार आहे. माझं कुणी नाही.

तू ये असं मी म्हणत नाहीये. बसचा खर्च आहे, दिवस मोडेल, दुकान बंद ठेवावं लागेल, आणि तुला इंग्रजी येत नाही. येऊ नकोस. फक्त तारीख कळवली.

टकळी


६ मार्च

आक्के, आक्के, आक्के!

काल तू दुपारच्याच बसने गेलीस, परतीचं तिकीट वाया जाईल म्हणून, त्यामुळे धड बोलता आलं नाही. आणि जे तुला इंग्रजीत कळलं नाही तेही सांगायचंय. आधी निकाल: मी पास! मॅनेजरने आज सकाळी किल्ल्या दिल्या. जुडगा केवढा आहे! कमरेला लावला की घराण्याच्या खजिनदारासारखं वाटतं, आत सगळे पलंगपोस असले म्हणून काय झालं?

मी तुला बस थांब्यावर घ्यायला आले तेव्हा लांबूनच तुझा आवाज ऐकू आला. तू कंडक्टरशी भांडत होतीस! ज्या सीटची स्प्रिंग तुटली आहे त्या सीटचे पूर्ण पैसे का घेता, असं विचारत होतीस. माझे पाय जमिनीला लागेनात. लोकांना वाटलं असेल, काय बाई आहे, बहिणीची फजिती चाललीय आणि ही हसतेय काय! अगं, रस्त्यात नाचायची तेवढी बाकी राहिली होती मी.

नंतर तू हॉटेलच्या मागच्या दाराशी मॅनेजरला गाठून विचारलंस की, एवढ्याशा डागासाठी चादर फेकून देता, बापाची आहे का? माझी नोकरी गेली असं वाटून मी डोळे मिटले. आज तो मला म्हणाला, "तुमच्या बहिणीसारखं कुणी खात्यात असतं तर बरं झालं असतं." मी म्हटलं, तसं कुणी असतं तर तुम्ही राजीनामा दिला असता.

आता परीक्षेचं. तू मागे बसली होतीस आणि मी समोर उभी होते. परीक्षक बाईंनी मला विचारलं की घरातल्या एका माणसाचं वर्णन करा. माझं पाठ केलेलं सगळं पाठीमागे पळून गेलं. मी तयार केली होती ती वाक्यं वेगळी होती, एका कल्पनेतल्या शेजारणीवर, सभ्य. पण मी म्हणाले, माझी बहीण थ्रिफ्टी आहे, स्टिंजी नाही. स्टिंजी माणूस दुसऱ्याचा घास कापतो, तिने कायम स्वतःचा कापला. त्या खूश झाल्या. मग त्यांनी विचारलं, म्हणजे त्या काइंड आहेत? मी म्हटलं, छे छे, अनकाइंड. त्यांनी चष्मा खाली केला. म्हणाल्या, उदाहरण द्या. मी दोऱ्याचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. आक्के, ते वाक्य इंग्रजीतही तितकंच झोंबतं, काही कमी होत नाही!

त्या हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या आणि विचारलं, मग तुम्हाला तिची आठवण येते का? आणि नेमक्या त्याच वेळी तू उठलीस, रिकाम्या खुर्च्यांवरचा पंखा बंद केलास, आणि शिपायाला दटावलंस की खुर्च्यांना घाम येतो का रे? परीक्षक बाईंनी मागे वळून पाहिलं. मी इंग्रजीत म्हटलं, आठवण यायला ती आधी नजरेआड जावी लागते, आणि ती जात नाही. ही बघा, ती उभी आहे. सगळा वर्ग हसत सुटला आणि तू मला खुणेने विचारलंस, काय झालं? मी खुणेने सांगितलं, काही नाही. तर हे झालं होतं.

ड्रायव्हरही पास झाला. मास्तरांनी चहा मागवला तेव्हा मी कप आणायला खाली गेले. तेवढ्यात तू आणि मास्तर खिडकीपाशी काहीतरी कुजबुजत होतात. काय बोललात? मास्तरांना विचारलं तर चष्मा पुसत बसले. वाफ नव्हती तरी पुसत होते.

आक्के, तू आलीस. मला अजून खरं वाटत नाही. मी फार आनंदात आहे, इतकी की आज तीन अभ्रे उलटे घडी केले.

तुझीच,
टकळी


१५ मार्च

टकळे,

तुझं पत्र मिळालं. तारखेखाली तीनदा "आक्के" लिहिलंस, एकदा पुरलं असतं.

मास्तर काय म्हणाले ते विचारतेस. मी त्यांना म्हटलं, तुमचा नियम मला आवडला. ज्याला वाईट शब्द लावायचा त्याचंही म्हणणं मागवायचं, हे फार कमी लोक करतात. ते म्हणाले, कुठला नियम? मी म्हटलं, पत्र लिहून जबाब मागवायचा नियम. ते म्हणाले, "बाई, असा काही नियम नाही. प्रत्येकाने एक वाक्य लिहून आणायचं होतं. बाकीच्यांनी आणलं आणि सुटले. तुमच्या बहिणीनेच तुमची पत्रं आणून वाचून दाखवली. मला वाटलं, तिची हौस असेल." मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते चष्मा पुसायला लागले. कोर्टात नोकरी केलेल्या माणसाला साधं खोटं बोलता येऊ नये, कमाल आहे.

त्यांना सांगून टाकलं, काळजी करू नका. मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. ज्याने आरोप केला त्यानेच आरोपीला पत्र लिहून जबाब गोळा करायचा, असं कुठल्या कोर्टात चालतं? तू लहानपणापासून खोटं बोलतेस तेव्हा त्याला नियम जोडतेस. दिवा घालवायचा नसला की "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणायचीस. बल्ब तुझ्या खोलीतून मी काढत नसे त्याचं कारण हेच, अंधारात तू रडायचीस आणि मला झोप यायची नाही. यात थ्रिफ्टी वगैरे काही नव्हतं. तुमच्या वर्गाला सांग, उगाच फळा पुसू नका.

मग कळलं होतं तर उत्तर का दिलं, असं विचारशील. कुलूपवाल्याने तुला खरं तेच सांगितलं. मी भांडायची थांबले होते. भांडायला समोरून उत्तर यावं लागतं गं. इथले लोक चांगले आहेत, वयाचा मान ठेवतात. मी बोलले की "बरं आक्का" म्हणतात आणि निघून जातात. भाजीवाला तर मी तोंड उघडायच्या आत जास्तीची मूठभर टाकतो. कुणाशी भांडू? उभ्या आयुष्यात मला उलटून बोलणारं माणूस एकच होतं, आणि त्याला मी "जा" म्हटलं. तू गेल्यावर पहिले दोन दिवस मी वाक्यं तयार ठेवली होती, तू परत आलीस की ऐकवायला. चांगली होती. हळूहळू विसरले.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा दारातच उभ्याने वाचलं आणि वरच्या मजल्यावालीला हाक मारून सांगितलं की तुझी बादली माझ्या बादलीपुढे पुन्हा सरकली तर याद राख. तिला काही कळेना. पण बरं वाटलं. माझ्या मनगटात जोर आला.

आता तुझा वर्ग संपला. म्हणजे गृहपाठ नाही. म्हणजे तुला कारण उरलं नाही, म्हणून हे लिहितेय. ते अस्तर तू फुकट शिवलंस ते चुकलंच होतं, आजही चुकलंच म्हणते. यावर तुझं काय म्हणणं आहे ते लेखी कळव. अपील कर, उलटं बोल, वाटेल ते कर, पण एका ओळीवर भागवू नकोस. नियम लागत असेल तर बनव, मी पाळीन.

तुझी,
आक्का